आधी बिलं द्या, मग शाळेला बेंच द्या

या महिन्यात पत्रं आणि मेल मिळून जे काही आलंय त्यातलं निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर आहे, कंपनी आणि तिच्या आजूबाजूची माणसं. वेंडर, कामगार, गाव, शेअरवाले. इंग्रजीत स्टेकहोल्डर म्हणतात, मराठीत "हितधारक" हा शब्द सरकारी कागदात दिसतो पण बोलताना कोणी वापरत नाही, आणि भागधारक म्हटलं की तो नुसता शेअरवाला होतो, म्हणून मी सरळ "ज्यांचं कंपनीकडे काहीतरी अडकलंय ती माणसं" असंच म्हणणार आहे. अडकलंय हा शब्द मुद्दाम वापरलाय. मी २६ वर्षं कंपन्यांच्या अकाउंट्समध्ये काढली, लोकांचे पैसे अडकवायचं काम मी स्वतः केलंय, त्यामुळे खालच्या उत्तरांत कुठे आवाज चढला असेल तर तो थोडा माझ्यावरच आहे. नावं आणि कंपन्या सगळं काढून टाकलंय.

ताई नमस्कार. भोसरीला माझं छोटं मशीन शॉप आहे, दोन सीएनसी, एक व्हीएमसी, आठ माणसं. एका बऱ्यापैकी मोठ्या कंपनीला पार्ट देतो. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) ९० दिवस लिहिलेत, हातात पैसे यायला १२०-१३० दिवस. फोन केला की "सिस्टीमला पडलंय, पुढच्या सायकलला निघेल". गेल्या महिन्यात त्याच कंपनीने एका शाळेला बेंच आणि कॉम्प्युटर दिले, मला पण कार्यक्रमाला बोलावलं होतं. साहेब भाषणात म्हणाले वेंडर हे आमचं कुटुंब आहे. मी पण टाळ्या वाजवल्या. कायद्याने काही करता येतं का, का आहे ते काम पण जाईल? – एक लघुउद्योजक

दादा, टाळ्या वाजवल्यात त्याचं वाईट वाटून घेऊ नका, मी तर स्टेजच्या मागे हार-तुऱ्यांची बिलं सांभाळत उभी असायचे.

आधी कायदा सांगते कारण तो तुम्हाला कोणीच नीट सांगितलेला दिसत नाही. २००६ चा एमएसएमई कायदा आहे. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल आणि उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योगाची नोंदणी) असेल तर लेखी करार काहीही असो, ४५ दिवसांच्या पुढे पेमेंट नेता येत नाही, करारच नसेल तर १५ दिवस. म्हणजे तुमच्या पीओवरचे ते ९० दिवस नुसते छापलेले आहेत, कायद्यापुढे त्यांना किंमत नाही. आणि हे दिवस माल पोचून स्वीकारला तिथपासून मोजायचे, "बिल अकाउंट्सला मिळालं" तिथपासून नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार आली नाही तर माल पोचला त्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. दोन महिन्यांनी पेमेंट मागितलं की एकदम रिजेक्शनची डेबिट नोट (माल खराब म्हणून पैसे कापल्याचा कागद) निघते ना, तेव्हा हे १५ दिवस लक्षात ठेवा.

उशिरा दिलं तर व्याज, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट आणि दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट साडेपाच धरला तर साडेसोळा टक्के. तुमचं ४ लाखांचं बिल ८० दिवस लटकलं तर साडेचौदा हजारांच्या आसपास होतात. आता सांगा आजवर किती वेंडरनी हे मागितलं? माझ्या २६ वर्षांत दोघांनी. दोघांचंही पुढचं काम बंद झालं होतं, म्हणून मागितलं.

इथेच खरी गोम आहे आणि मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. याच कायद्याखालच्या कौन्सिलकडे केस करता येते, २०१७ पासून तक्रार ऑनलाइन करता येते, निकाल तुमच्या बाजूने लागला तर त्याविरुद्ध जायला कंपनीला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, सगळं छान लिहिलंय. पण ज्या गिऱ्हाइकावर तुमचा निम्मा धंदा आहे त्याच्याविरुद्ध तुम्ही केस करणार नाही हे तुम्हालाही माहितेय, मलाही माहितेय आणि त्यांच्या पर्चेसवाल्याला तर सगळ्यात आधी माहितेय. म्हणून केसच्या अलीकडच्या चार गोष्टी करा. उद्यम नंबर प्रत्येक बिलावर मोठ्या अक्षरात छापा, म्हणजे "आम्हाला माहीतच नव्हतं" हे म्हणता येणार नाही. नोंदणी ऑर्डरच्या आधीची असलेली बरी, नंतरची असली की वाद होतात. दुसरं, मार्चनंतर ऑडिटरकडून बॅलन्स कन्फर्मेशनचं पत्र येतं, तुम्ही सगळे ते न वाचता सही शिक्का मारून पाठवता (मला माहितेय, मी ती हजारोंनी फाईल केलीत), त्याच्यावर पेनाने लिहा की यापैकी इतके रुपये ४५ दिवसांवरचे आहेत. ते ऑडिटरच्या फाईलला लागतं आणि मग तो आतमध्ये प्रश्न विचारतो. तिसरं, २५० कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स नावाच्या प्लॅटफॉर्मवर नोंदणी सक्तीची झालीय, तिथे कंपनीने बिल मान्य केलं की बँक तुम्हाला लगेच पैसे देते आणि कंपनीकडून नंतर घेते, त्यांना विचारा आमची बिलं तिथे का टाकत नाही. चौथं, एकट्याने बोलू नका, तुमच्या असोसिएशनच्या लेटरहेडवर सगळ्यांच्या वतीने एकच पत्र जाऊ दे.

कायद्याला एक दात अजून आहे. १ एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्सच्या ४३बी मध्ये एक पोटकलम आलं, मुदतीत न दिलेलं सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल वर्षअखेरीला बाकी राहिलं तर त्या वर्षी कंपनीला तो खर्च मिळत नाही, ज्या वर्षी देईल त्या वर्षी मिळतो. मार्च आला की अचानक पेमेंट सुटतात त्याचं कारण हे. हे आल्यावर काही हुशार लोकांनी वेंडरलाच सांगितलं की तुमची उद्यम नोंदणी रद्द करून टाका. तुम्हाला कोणी सांगितलं तर अजिबात करू नका.

तुमचं पत्र वाचून मला एक प्लेटिंगवाले काका आठवले. बुधवार हा आमचा वेंडर पेमेंटचा दिवस. काका सकाळी दहाला यायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत बिलांच्या झेरॉक्स, नखांत हिरवट काळं बसलेलं ते कितीही धुतलं तरी जायचं नाही, रिसेप्शनच्या सोफ्यावर न बसता बाजूच्या स्टुलावर बसायचे कारण सोफ्याला डाग पडेल. दुपारी तिथेच डबा. चारच्या सुमारास मी बाहेर जाऊन सांगायचे, काका पुढच्या बुधवारी. त्यांचं बिल माझ्या टेबलावरच असायचं. पैसे बँकेत असायचे. वरून सांगितलेलं असायचं की महिनाअखेरीला कॅश चांगली दिसली पाहिजे, म्हणून गठ्ठ्यात खाली. त्या काळात काकांनी बँकेच्या सीसीवर (धंद्याच्या कर्जखात्यावर) व्याज भरून आमच्या पगाराला हातभार लावला असं हिशोबाने म्हणता येतं. त्याच वर्षी आम्हाला एक पुरस्कार मिळाला होता, समाजाप्रती बांधिलकीचा.

आणि दादा, राग मानू नका, तुमच्याकडच्या आठ माणसांचा पगार किती तारखेला होतो? कायद्याने ७ तारखेच्या आत. आणि शेजारच्या गाळ्यात टूल ग्राइंडिंगला देता त्याचं बिल? तोही कोणाच्या तरी स्टुलावर बसत असेल.

मॅडम, मी स्टोअर्सला आहे, वय २४, पहिलीच नोकरी. माल गेटला आला तरी साहेब म्हणतात जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) लगेच टाकू नको, १०-१५ दिवसांनी टाक, म्हणजे पेमेंटची तारीख पुढे जाते. सगळेच असं करतात म्हणे. हे चुकीचं आहे का? नाही म्हटलं तर प्रोबेशन अडेल.

हो, चुकीचं आहे, आणि तुला ते माहीत आहे म्हणून तर तू लिहिलंस. वर लिहिलंय ते वाच, दिवस माल पोचल्यापासून मोजतात. तू जीआरएन १५ दिवसांनी टाकलास तरी गेटच्या इनवर्ड रजिस्टरला सिक्युरिटीने तारीख वेळ गाडी नंबर सगळं लिहिलेलं असतं, ई-वे बिलाची तारीख असते, ट्रान्सपोर्टरच्या एलआरवर (माल वाहतुकीच्या पावतीवर) तुमच्याच माणसाची पोच असते. म्हणजे तीन कागद एक सांगतात आणि चौथा, ज्याच्यावर तुझा लॉगिन आहे, तो वेगळं सांगतो. उद्या कोणी तपासलं तर साहेबांचं तोंडी बोलणं कुठे सापडणार?

भांडू नकोस. साहेबांना साधा मेल टाक, "सर, आज अमुक चलनाचा माल आला, क्यूसी झालं, आपण सांगितल्याप्रमाणे जीआरएन अमुक तारखेला करू का, कृपया कन्फर्म करा". शब्द नम्र ठेव. माझा अनुभव असा की दहातल्या आठ वेळा असल्या मेलला उत्तर येत नाही, तोंडी येतं, "अरे टाकून दे". उरलेल्या दोन वेळा काय होतं ते मात्र सांगू शकत नाही, एकदा माझी बदली झाली होती. कंपनी लिस्टेड असेल तर व्हिजिल मेकॅनिझम म्हणजे तक्रारीची वेगळी वाट ठेवणं तिला कायद्यानेच बंधनकारक आहे, ऑडिट कमिटीच्या चेअरमनपर्यंत जाता येतं, पॉलिसी कंपनीच्या वेबसाइटवर असते. ती वाट आहे हे माहीत असू दे, पण पहिल्याच नोकरीत पहिल्याच महिन्यात तिथून सुरुवात कर असं मी सांगणार नाही, आधी मेल.

वेंडरकडून दिवाळीला ड्रायफ्रूटचा बॉक्स घेतला तर चालतं का?

डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांसमोर उघडून वाटता येत असेल तर चालतं. घरच्या पत्त्यावर आला असेल तर परत पाठवा. कंपनीची गिफ्ट पॉलिसी असेल तर ती माझ्या मताच्या वर.

आमचं गाव एमआयडीसीला लागून आहे. एका केमिकल कंपनीने सीएसआरमधून (कंपनीच्या सामाजिक कामाच्या खर्चातून) पाणी शुद्ध करायचा आरओ प्लांट बसवून दिला, वर्षाला वह्या वाटते. पण पावसाळ्यात रात्रीचं मागच्या ओढ्याला फेसाळ पाणी येतं, सकाळी वास. ग्रामसभेत विषय काढला तर म्हणतात बोलू नका, सीएसआर बंद होईल. दोन टक्के हा गावाचा हक्कच आहे ना? – ग्रामपंचायत सदस्य

हक्क नाही हो. हा गैरसमज आता इतका पसरलाय की काही ठिकाणी वर्गणीच्या पावतीसारखं दोन टक्के मागतात.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नेटवर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक असलं की कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावे लागतात. उलाढालीचे नाही, नफ्याचे. सरासरी नफा ६ कोटी असेल तर १२ लाख. कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदा म्हणतो, पण तुमच्याच गावाला इतके द्या असं म्हणत नाही. मात्र "बंद होईल" ही भीती पण अर्धीच खरी आहे. तुमच्या गावाचा बंद होऊ शकतो, कंपनीचा वाचत नाही, कारण न खर्चलेले पैसे एकतर चालू प्रोजेक्टसाठी वेगळ्या खात्यात टाकावे लागतात नाहीतर वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत सरकारी फंडात भरावे लागतात. कोण किती कुठे खर्च करतं ते सरकारच्या सीएसआर पोर्टलवर कंपनीच्या नावाने बघता येतं, ग्रामसभेच्या आधी एकदा मोबाईलवर काढून बघाच.

आता ओढा. ही गोष्ट सीएसआरची नाहीच. सांडपाणी प्रक्रिया करून सोडणं हे कंपनीवर कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि सीएसआरच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्या कुठल्या कायद्याने जे करावंच लागतं त्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे ओढ्याचं देणं वेगळ्या खात्यावरचं आहे आणि आरओ प्लांट देऊन ते फिटत नाही. मला तर असा प्लांट बघितला की आधी हाच प्रश्न पडतो की गावाला आरओची गरज पडली का, विहिरीचं पाणी आधी कसं होतं?

प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रत्येक अशा कारखान्याला चालवायची परवानगी, कन्सेंट, देतं आणि त्यात किती सांडपाणी, कुठे सोडायचं, मर्यादा काय हे आकड्यांत लिहिलेलं असतं. त्याची प्रत माहिती अधिकारात मागा. मग तारीख, वेळ, जागा लिहून तक्रार करा, व्हिडिओ काढून ठेवा. बाटली भरून ठेवाल तर ती केसमध्ये चालत नाही, सॅम्पल मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घ्यावं लागतं, म्हणून रात्री पाणी येत असताना फोन करून बोलवा आणि फोन केल्याची वेळ लिहा. अधिकारी दुसऱ्या दिवशी दुपारी येतात आणि ओढा स्वच्छ असतो हे मला सांगू नका, मला माहितेय, पण तुमच्या वहीत सलग दहा तारखा झाल्या की त्या दहा तारखांना वजन येतं. पुढे राष्ट्रीय हरित लवादाचं खंडपीठ पुण्यातच आहे.

आणि त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला शेत असलेले तुमचेच गावकरी त्या कंपनीत कंत्राटी कामाला असतील. त्यांना ग्रामसभेत पुढे करू नका, पोटावर पाय येईल, तारखा तुम्ही लिहा.

माझा भाऊ एका फॅक्टरीत कंत्राटदारामार्फत हाऊसकीपिंगला होता. कंत्राटदार दोन महिन्यांचा पगार न देता गायब झाला. कंपनी म्हणते तो आमचा माणूस नाही.

माणूस नसेल, देणं आहे. कंत्राटदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला तर मुख्य मालकाने, म्हणजे कंपनीने द्यायचा आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायचा. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं आणि नवीन लेबर कोडमध्ये पण ठेवलंय. गेट पास, हजेरीचे फोटो, बँकेत आधी जमा झालेला पगार, युनिफॉर्मवर कंपनीचं नाव असेल तर ते पण, सगळं घेऊन कामगार आयुक्त कार्यालयात जा, आणि एकट्या भावाला पाठवू नका, त्याच्या बरोबरच्या सगळ्यांचा एकत्र अर्ज द्या. पीएफ भरलाय का ते पण यूएएन (पीएफचा नंबर) टाकून बघा, तिथे अजून एक भोक सापडायची शक्यता आहे.

ताई, मी रिटायर्ड शिक्षिका. दोन-तीन कंपन्यांचे थोडे शेअर आहेत, डिव्हिडंडवर माझं देवदर्शन चालतं. कंपनीने माझा पैसा शाळा, झाडं, वह्या ह्यात का घालावा? दान करायचं तर माझं मी करीन. हा प्रश्न स्वार्थी वाटतो का?

अजिबात नाही काकू, हा प्रश्न मोठमोठ्या लोकांनी विचारलाय. मिल्टन फ्रीडमन नावाच्या अर्थतज्ज्ञांनी १९७० मध्ये नेमकं हेच मांडलं की कंपनीची सामाजिक जबाबदारी म्हणजे नफा वाढवणं, दानधर्म मालकांनी आपापल्या खिशातून करावा. पण हे वाक्य सांगणारे लोक त्याचा पुढचा भाग खाऊन टाकतात. फ्रीडमननीच म्हटलंय की नियमात राहून, लबाडी आणि फसवणूक न करता. आता ९० दिवसांचा पीओ, उशिरा टाकलेला जीआरएन आणि रात्रीचा ओढा ह्या चाळणीतून घाला बघू, काय खाली उरतं.

शिवाय आपल्याकडे कायद्यानेच हा वाद अर्धा मिटवलाय. कंपनी कायद्याचं कलम १६६ डायरेक्टरला सांगतं की शेअरहोल्डरबरोबर कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचं हितही बघायचं. आणि सीएसआर म्हणजे दान एवढंच कधी नव्हतं. जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आला, कायद्याने तसं बंधन घालायच्या कितीतरी आधी. तिथे कोणी फीत कापली नसेल, माणसं संध्याकाळी लवकर घरी गेली इतकंच.

तर काकू, वह्यांवर रागावू नका, दोन टक्क्यांनी तुमचं देवदर्शन अडत नाही. तुम्ही दुसरं एक काम करा. कंपनीचा वार्षिक अहवाल येतो ना, ज्यात पहिली ४० पानं हसऱ्या मुलांचे आणि झाडांचे फोटो असतात, ते उलटून मागे जा, बॅलन्सशीटच्या नोट्समध्ये "ट्रेड पेएबल्स" अशी एक नोट सापडेल. त्यात सूक्ष्म-लघु उद्योगांचं देणं वेगळं दाखवावं लागतं आणि ते किती दिवसांचं जुनं आहे त्याचा तक्ता असतो, एक वर्षाच्या आत, एक ते दोन, दोन ते तीन, तीनच्या वर. जवळच उशिरा दिलेल्या पैशावरच्या व्याजाचा पण आकडा असतो. तीनच्या वरच्या रकान्यात काही दिसलं तर समजा की कोणीतरी तीन वर्षं स्टुलावर बसलंय.

आणि एजीएमला (शेअरवाल्यांच्या वार्षिक सभेला) तो आकडा वाचून विचारा हा का बाकी आहे. आता बऱ्याच कंपन्यांची एजीएम ऑनलाइन असते, बोलायचं असेल तर स्पीकर म्हणून आधी नाव द्यावं लागतं आणि त्याची शेवटची तारीख नोटिशीत बारीक अक्षरात असते, चष्मा लावून शोधा. शिक्षिका होतात, गृहपाठ का केला नाही हे विचारायची सवय असेलच.